वाळलेल्या फळ्या

होडी पालथी घालायला दर वेळी आठ माणसं लागायची. या खेपेला पाचांतच काम झालं.

सासरे पत्र्याच्या छपराखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या डोळ्यांना आता माणूस आणि खांब यांतला फरक तेवढा कळायचा. होडी ओंडक्यांवर टेकल्याचा आवाज आला तशी त्यांनी मान उचलली.

"झाली? एवढ्यात?"

"झाली, मामंजी. हलकी लागली," सून म्हणाली.

"लागणारच. म्हातारी झाली ती. म्हाताऱ्याच्या अंगात हाडं तेवढी उरतात."

मदतीला आलेले दोघे शेजारी हात झटकत निघून गेले. मागे उरली ती, तिचा नवरा आणि सासूबाई. दोन वर्षं होडीने पाणी बघितलं नव्हतं. पहिल्या वर्षी दोराच्या फासात नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांची नजर गेली. तेव्हापासून होडी छपराखाली पडून होती, आणि ती स्वतः गोदामात पोती झटकायला जात होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. गोदामातला देखरेख्या तिला "ए नावाडीण, इथे पाणी नाही, वल्हं टाक आणि झाडू घे" म्हणायचा, आणि सगळे हसायचे. तीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

धक्क्याचा मुकादम आदल्या दिवशी येऊन गेला होता. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलला.

"पंधरा दिवसांनी हंगाम उघडतोय. दोन हंगाम मी तुमचा चार नंबर राखला. तिसरा राखता येत नाही, नियम आहे. पहिल्या दिवशी सकाळी होडी पाण्यात हवी. मी बसणार, पलीकडे जाऊन परत येणार. उतरताना पायरीवर माझ्या पायाचा ओला ठसा उमटला, की होडी बाद. नंबर फटफट्याचा."

फटफट्या म्हणजे इंजिनाच्या होडीवाला. धक्क्यावर नंबर असेल त्यालाच प्रवासी घेता येत. नंबर गेला की होडी म्हणजे जळण. हे मुकादमाने सांगायची गरज नव्हती, आणि त्याने सांगितलंही नाही.

पहिले चार दिवस रंग खरवडण्यात गेले. तिने पत्र्याचा तुकडा घासून धार केली, त्याला चिंध्या गुंडाळल्या आणि होडीच्या पोटाला भिडली. वरचा निळा निघाला, खाली हिरवा होता. हिरव्याखाली परत निळा, मग एक तांबडा, मग चुन्यासारखा पांढरा. पोपडे केसांत, दातांत, चोळीत जात. तिसऱ्या दिवशी अंगठ्याजवळची कातडी सोलली, तेव्हा ती डाव्या हाताने खरवडायला लागली.

"तांबडा लागला का?" सासरे विचारत.

"लागला."

"तो हिच्या बाळंतपणातला." त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं असावं, पण ते भिंतीकडे गेलं. "रंगाच्या दुकानात निळा संपला होता. ही म्हणाली, मुलगा झालाय तर तांबडा चालेल."

"मी कशाला म्हणेन?" सासूबाई पोपडे गोळा करता करता म्हणाल्या. "मी खाटेवर पडले होते. रंग तुम्हीच आणलात, आणि माझ्या नावावर खपवलात."

लाकूड उघडं पडलं तेव्हा सगळ्यांनाच फटी दिसल्या. फळी आणि फळी यांच्यामध्ये कुठे नखभर, कुठे करंगळी शिरेल एवढी जागा होती. होडीच्या पोटातून उजेडाच्या रेघा दिसत होत्या.

नवऱ्याने एका फटीत करंगळी घालून बघितली. "बाबा, सुताराला बोलवू या का? एकदा नजर तरी टाकेल."

"गप्प्याला?" सासऱ्यांनी खुर्चीचा हात आपटला. नदीकाठी होड्या बांधणारा तो एकच सुतार होता. दिवसाला चार शब्द बोलायचा म्हणून त्याला सगळे गप्प्या म्हणत. "त्याने शिकवायचं मला? त्याचा बाप माझ्याकडून फटी भरायला शिकला. चाळीस वर्षं या होडीत थेंब आला नाही. काथ्या आणा, तेल आणा, मी सांगतो."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "बोलावला तर काय बिघडतं?"

"बोलवा, आणि नंतर गावभर सांगू दे त्याला, की म्हाताऱ्याला आता जमत नाही."

सासूबाई काथ्या आणायला उठल्या.

फटी भरायचं काम असं असतं. काथ्याचा पीळ तेलात भिजवायचा, फटीवर धरायचा, त्यावर बोथट छिन्नी ठेवायची आणि मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकत ठोकत आत बसवायचा. वरून राळ आणि तेलाचं लुकण. दिसायला सोपं आहे. कठीण आहे ते थांबायचं कधी ते कळणं. सासरे ते आवाजावरून ओळखत.

"ठोक. अजून पोकळ वाजतंय. ठोक. आता दुसरा पीळ घे."

"मामंजी, तीन झाले."

"मग चौथा घे. दरवर्षी दोन लागतात, यंदा फटी मोठ्या आहेत. दगडावर मारल्यासारखा आवाज आला पाहिजे. ठक्क असा. तोवर सोडायचं नाही."

नवऱ्याला मोगरी पेलवत नव्हती. तो छिन्नी धरायचा, ती मारायची. उरलेल्या अंगठ्यात आणि करंगळीत तो छिन्नीचा दांडा आवळून धरत असे. पहिल्या दिवशी तिचा घाव एकदा निसटून त्याच्या मनगटावर बसला. तिने मोगरी टाकली.

"उचल," तो म्हणाला.

"सुजेल ते."

"आणखी काय बिघडायचं राहिलंय त्या हाताचं? उचल."

पाच दिवस ते दोघं असे समोरासमोर बसून होडीभोवती फिरले. दुपारी पत्रा तापायचा आणि तेलाच्या वासाने डोकं जड व्हायचं. रात्री तिचा खांदा वर उचलत नसे, सासूबाई तिची वेणी घालून देत. फटफट्या एकदा वाटेने जाताना थांबला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरातही पाच तोंडं होती.

"वहिनी, किती मारताय! होडी आहे का सासू?"

"सासू असती तर एवढ्यात मऊ झाली असती," सासूबाईच म्हणाल्या. सगळे हसले. त्या पाच दिवसांत तेवढंच हसणं झालं.

शेवटच्या फटीत पाचवा पीळ बसला आणि ठक्क आवाज आला. सासरे उठले, चाचपडत आले आणि दोन्ही तळवे होडीच्या पोटावरून फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

"सूनबाई, माझ्या हातून असं काम कधी झालं नव्हतं."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ते तिला काही चांगलं बोलल्याचं तिला हे पहिलंच आठवत होतं.

मग रंग लावला. बाहेरून निळा, काठाला पांढरी पट्टी, आतून राखाडी. पांढरी पट्टी नवऱ्याने डाव्या हाताने ओढली, आणि ती सरळ आली.

तेराव्या दिवशी सकाळी होडी पाण्यात गेली. वाळलेली होडी पाण्यात गेली की आधी दोन-तीन दिवस गळते, हे नदीकाठच्या पोरांनाही माहीत असतं. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना चिकटतात आणि गळती थांबते. म्हणून ती डबा घेऊन पाणी उपसायच्या तयारीने आत बसली होती. घटका गेली, दोन गेल्या. तिने तळफळ्या, म्हणजे पायाखालच्या सुट्या फळ्या, उचलून खाली हात घातला. हाताला धूळ लागली.

"मामंजी, थेंब नाही."

काठावर सासरे उभे होते. त्यांनी सासूबाईंचा खांदा घट्ट धरला. "सांगा त्या गप्प्याला," ते म्हणाले. "बोलवा आणि दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आतल्या बाकाला रंगाचा दुसरा हात देत होती, तेव्हा पहिला आवाज आला. टक्. सुकी काडी मोडल्यासारखा. तिला वाटलं, दोर ताणला असेल. थोड्या वेळाने परत आला, तिच्या पायांखालून. तिने काठाबाहेर वाकून बघितलं. पाण्यावरच्या निळ्या रंगात एका ओळीत फोड आले होते. तिने एकावर बोट ठेवलं. रंगाची टिकली गळून पडली आणि खाली खिळ्याचं डोकं दिसलं. खिळा लाकडातून दाणाभर बाहेर आला होता.

तिने तळफळ्या उचलल्या. होडीच्या मधोमध एका बरगडीला आडवी चीर गेली होती. चिरेतलं लाकूड आतून ताजं, पिवळं होतं. शेजारच्या बरगडीलाही केसाएवढी चीर पडली होती. आत पाणी नव्हतं, सगळं कोरडं ठणठणीत होतं.

ती घरी गेली नाही. थेट सुताराकडे गेली. तो काही न विचारता तिच्यामागे आला, होडीत उतरला, गुडघ्यांवर बसला. चिरेत नख घालून बघितलं. मग खिशातली सळई काढून एका फटीत खुपसायला गेला. सळई शिरली नाही.

"किती पीळ?"

"चार. काही ठिकाणी पाच."

त्याने डोळे मिटले. नंतर तो एवढं बोलला, की तिला त्याच्या बोलण्यापेक्षा त्या लांबीचीच भीती वाटली.

"दरवर्षी ही आठ दिवस बाहेर असायची. लाकूड आतून ओलं असायचं, तेव्हा ठासलेलं चालायचं. आता दोन वर्षं वाळलीय. वाळलेल्या फळीला फुगायला जागा ठेवावी लागते. तुम्ही जागाच ठेवली नाही. फळ्या आता एकमेकींना ढकलताहेत, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या बरगड्या मोडताहेत. अजून दोन मोडतील."

"काय करायचं?"

"बाहेर काढायची. काथ्या उपसायचा. बरगड्या नव्या. महिना लागेल."

"उद्या तपासणी आहे."

"मुकादम एकटा बसेल. तेवढं निघेल." तो काठावर चढला. "माणसं भरू नका. मधल्या धारेत वाकली, तर पुस्तकासारखी उघडेल."

"हे तुम्ही कुणाला..."

"मला गप्प्या म्हणतात," तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं. चुलीपुढे चौघं बसले होते. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे हात मांडीवर पडलेले होते, आणि आवाज ओळखायचा असल्यासारखी मान एका बाजूला कललेली होती.

"म्हणजे मी मोडली," ते म्हणाले.

"तुम्ही एकटे कसे? मारणारी मी होते."

"मारायला मी सांगितलं." त्यांनी तोंड पुसलं. "उद्या मुकादमाला नेऊन आणा. नंबर पक्का झाला की पाच-सहा दिवस फेऱ्या मारायच्या, हळू, कमी माणसं घेऊन. लगेच बाहेर काढली तर तो म्हणेल, होडीत खोट होती. पाच-सहा दिवसांनी काहीतरी निमित्त सांगू."

"आणि तोवर?" नवऱ्याने विचारलं.

"तोवर चालेल. चाळीस वर्षं चालली."

"बाबा, सुतार म्हणतो..."

"मग सांग दुसरा रस्ता! सांग!" म्हातारा ओरडला. "तुझ्या हाताला कोण काम देतंय? ही पोती झटकून किती दिवस खोकणार आहे? नंबर एकदा गेला की परत येत नाही. माझ्या बापाने काढलेला नंबर आहे तो."

नवरा तिच्याकडे बघायला लागला. तिने खाली बघितलं. गोदामातली सकाळ तिच्या डोळ्यांसमोर आली, देखरेख्याचं ते हसणं, नाकात जाणारी ती पिठासारखी धूळ. दुसरा रस्ता तिलाही दिसत नव्हता.

"पाच-सहा दिवस," ती म्हणाली.

सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "जे बसतील, त्यांच्यातल्या किती जणांना पोहता येतं?"

नवऱ्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. त्यांनी परत भाकरी थापायला घेतली.

पहाटे उजाडता उजाडता ती निळ्या रंगाची वाटी घेऊन धक्क्यावर गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिने वर आलेली खिळ्यांची डोकी एकेक करून रंगवली. पाण्यालगतची बोटांना लागत होती, पण त्यांच्यावर रंग बसत नव्हता. नवऱ्याने मोडलेल्या बरगडीला दोर आवळून बांधला, दातांनी गाठ ओढली आणि वर तळफळ्या ठेवल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

मुकादम आला तेव्हा पायऱ्यांवर पंचवीस-तीस माणसं होती. हंगामाचा पहिला दिवस. फटफट्या आपल्या होडीत उभा होता, इंजिनावर हात ठेवून. मुकादमाने चपला काढल्या, पाय फडक्याने कोरडे पुसून सगळ्यांना दाखवले आणि होडीत बसला. सासरे पुढच्या टोकाला बसले, नवरा मागे सुकाणूला, वल्ही तिच्या हातात. मधल्या धारेत पाण्याने होडीला कुशीला रेटा दिला आणि खालून बारीक करकर आली.

"काय वाजतंय?" मुकादमाने विचारलं.

"नवा रंग आहे," सासरे म्हणाले. "चिकटलेलं सुटतंय."

ते पलीकडे गेले आणि परत आले. मुकादम उतरला. पायरीचा दगड उन्हाने पांढरा पडला होता. त्याने एक पाय टेकला, दुसरा टेकला, दोन पावलं चालला आणि मागे वळून बघितलं. दगडावर काहीच उमटलं नव्हतं.

"मानलं, म्हातारबा," तो म्हणाला. खिशातून खडू काढून त्याने पांढऱ्या पट्टीखाली चारचा आकडा ओढला. "पहिली फेरी तुमची. घ्या माणसं."

सासऱ्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसले नाहीत. लोक पायऱ्या उतरायला लागले. नजर होती तेव्हाही ते प्रवाशाला पावलावरून जोखत. पाऊल होडीत पडलं की हलण्यावरून वजन कळायचं, आणि कुणी कुठे बसायचं ते ठरायचं.

पहिला एक पोत्यावाला आला. होडी दबली. "मागे, अगदी मागे," सासरे म्हणाले. मागोमाग नवरा-बायको आली. "तुम्ही दोघं माझ्याजवळ, पुढे." एक मास्तर आले. "मागे." कोंबड्यांची टोपली घेतलेली म्हातारी आली, तिला त्यांनी पुढे घेतलं. मग एक गवंडी. "मागे सरका, जागा करा त्याला."

शिवणयंत्र खांद्यावर घेऊन शिंपी उतरला. "मधलं बाक सगळं मोकळं आहे की," तो म्हणाला.

"तिथे नको. रंग ओला आहे."

शिंप्याने बाकावर बोट फिरवून बघितलं. "कोरडा आहे, बाबा."

"पुढे या म्हटलं ना!"

शिंपी पुढे जाऊन म्हातारीच्या टोपलीशेजारी कसाबसा टेकला. कोंबड्या फडफडल्या. मागे पोत्यावाला, मास्तर आणि गवंडी मांडीला मांडी लावून बसले होते. होडीची दोन्ही टोकं माणसांनी भरली होती आणि मधलं नवंकोरं बाक रिकामं होतं. तिचे हात वल्ह्यांवर होते. तळफळीखाली दोर ताणल्याचा आवाज तिला येत होता. तो सासऱ्यांनाही येत असणार, कारण त्यांची मान एका बाजूला कलली होती.

दुधाच्या दोन भरलेल्या बरण्या घेऊन एक बाई काठावर आली. तिने एक पाय आत टाकला. होडी मधोमध खाली गेली. टक्.

"बाबा, मी कुठे बसू?"

सासऱ्यांची मान होडीच्या मध्याकडे वळली.

"अहो बाबा, कुठे बसू? बरण्या जड आहेत."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांचा हात पुढे दाखवायला उठला आणि तिथेच थांबला. मग मागच्या बाजूला वळला. तिथेही जागा नव्हती. हात हवेत तसाच राहिला. सगळी होडी त्या हाताकडे बघत होती.

"उतरा," ते म्हणाले.

"काय?"

"उतरा. सगळे उतरा. एकेक करून, घाई करू नका. मधे पाय ठेवू नका." त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा, फेऱ्या मारतानाचा झाला. "सूनबाई, तळफळी उचल. मुकादमाला दाखव."

तिने वल्ही सोडली. वाकून तळफळी उचलली. चीर आता हातभर झाली होती आणि नवऱ्याने बांधलेला दोर लाकडात रुतला होता. मुकादम काठावरून वाकला. त्याने बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. त्याने तळहाताने चारचा आकडा पुसला. खडू नव्या रंगावर पसरला, नीट निघाला नाही. त्याने दुसऱ्यांदा, बाहीने पुसला.

"फटफट्या, तू लाग," तो म्हणाला.

माणसं कुरकुरत उतरली. शिंपी म्हणाला, "सकाळचा खोळंबा झाला," आणि मास्तर त्याला "गप बसा हो" म्हणाले. नवऱ्याने आपल्या चिरडलेल्या हाताचा आधार देऊन म्हातारीला फटफट्याच्या होडीत चढवलं. तिने पोत्यावाल्याचं पोतं उचलून पलीकडे दिलं. पोत्याची धूळ तिच्या भुवयांवर बसली. फटफट्याने ते घेतलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

धक्का रिकामा झाला. सासरे अजून पुढच्या टोकाला बसलेले होते.

"सूनबाई, किती बसवले होते मी?"

"सात, मामंजी. आठवी काठावरच होती."

"सगळे उतरले?"

"उतरले."

"मोज."

तिने कपाळावर हात धरून नदीकडे बघितलं. इंजिनाची होडी मधल्या धारेत पोचली होती. नवरा-बायको, मास्तर, गवंडी. म्हातारीची टोपली. शिंप्याच्या मांडीवरचं यंत्र उन्हात चमकत होतं. पोत्यावाला. बरण्या घेतलेली बाई.

"आठ आहेत," ती म्हणाली. "पोचतील आता."

"पोचले की सांग," सासरे म्हणाले, "मग मला उतरव."